काय मिळालं?

ऑगस्टात शाळा उघडली त्याच आठवड्यात रागनानं दहावीच्या पोरांना सांगून टाकलं, की भाषेच्या तासाला लिहिलेल्या एकाही निबंधावर ती नाताळपर्यंत आकडा घालणार नाही. काय जमलंय ते लिहीन, पुढं काय करायचं ते लिहीन, आणि तोच निबंध पुन्हा लिहायला वेळ देईन. आकडा मात्र नाही.

वर्गात एकच कालवा झाला. इसाक नावाचा एक पोरगा मागच्या बाकावरून म्हणाला, "मग मी हुशार आहे की नाही ते मला कुणी सांगायचं?"

"तुझ्या आजीला विचार," रागना म्हणाली. "ती नेहमी हो म्हणते."

मी त्या वर्गाचा वर्गशिक्षक. गणित शिकवतो; आमच्याकडे पोरं शिक्षकांनाही नावानं, अरे-तुरेच बोलतात. नॉर्वेच्या उत्तरेला, बोडोहून बोटीनं यावं लागतं अशा आमच्या बेटावर ही एकच शाळा आहे आणि ती दहावीला संपते. पुढं शिकायचं तर सोळाव्या वर्षी पोरांना घर सोडून मुख्य भूमीवर भाड्याच्या खोलीत राहावं लागतं, आणि कुठल्या शाळेत जागा मिळेल ते दहावीच्या आकड्यांवर ठरतं. एक ते सहा. सहा म्हणजे सगळ्यात वर. त्यामुळे आकडा हा आमच्याकडे थट्टेचा विषय नाही. मी त्या दिवशी कॉफी ओतता ओतता रागनाला म्हणालो, "तू मासळी न तोलताच विकायला निघालीस."

"मासळी मेलेली असते, एइलिफ," ती म्हणाली. "तिचं वजन वाढायचं नसतं."

तिचा हट्ट कुठून आला ते मला माहीत होतं. आदल्या वसंतात तिनं निबंध परत दिले तेव्हा पोरांनी थेट शेवटचं पान उलटलं, आकडा बघितला, कुणी हसलं, कुणी तोंड पाडलं, आणि तास संपल्यावर निम्मे कागद दाराजवळच्या रद्दीच्या खोक्यात पडलेले. रागनानं वाकून एक उचलला. समासात तिचंच अक्षर खालपर्यंत भरलेलं होतं. त्या कागदासाठी तिचा अख्खा शनिवार गेला होता. तो कुणी वाचलाच नव्हता.

पहिले काही आठवडे पोरं कुरकुरली, मग हळूहळू सवय झाली. इसाकसुद्धा एक निबंध दुसऱ्यांदा लिहून घेऊन आला. तिरिलला मात्र सवय झाली नाही.

तिरिल म्हणजे ओद्वारची मुलगी. ओद्वार सॅमन माशांच्या शेतीवर कामाला. सकाळी नारिंगी रंगाच्या मेणकापडी कपड्यांत निघायचा तो संध्याकाळी मासळीचा वास घेऊनच परतायचा. बोलायला मुलखाचा कंजूष. तिरिलची आई विग्दिस मूळची आमच्याच बेटावरची, याच शाळेत शिकलेली. तिरिल लहान असतानाच ती निघून गेली. भांडण झालं नाही, आरडाओरडा झाला नाही. दूर दक्षिणेला ट्रोनहाइम शहरात केशकर्तनालयात काम मिळालं म्हणून गेली, एका हिवाळ्यापुरती म्हणून, आणि तिथंच राहिली. आता तिथं तिचा दुसरा संसार होता, एक छोटा मुलगा होता. दर रविवारी ती तिरिलला फोन करायची.

असा एक फोन मी ऐकला होता, चोरून नव्हे. बेटावरच्या दुकानाबाहेर मी गाडीत सामान भरत होतो आणि पोरगी पायरीवर बसून बोलत होती. "चार," ती म्हणाली. "हो, इतिहासात. नाही, गणिताचा अजून नाही मिळाला. नाही, बाकी काही नाही. बरं. बरं, ठेवते." फोन खिशात घातल्यावरही ती बराच वेळ तशीच बसून राहिली, कुणी पुन्हा फोन करणार असल्यासारखी.

हिवाळा लागला, सूर्य डोंगरामागं गेला तो गेलाच. नोव्हेंबरात कधीतरी त्याच पायरीवर मी तिला "सहा" म्हणताना ऐकलं. हसत होती. चिमणीसारखी चिवचिवत होती म्हणा ना. मला वाटलं, संगीतात मिळाला असेल. माझ्या विषयात तरी सहा तिच्या आसपास नव्हता.

जानेवारीत अर्ध्या वर्षाचा आकडा द्यावाच लागतो, तो नियमच आहे. रागनानं दिला. तिरिलला चार मिळाला. आणि त्याच आठवड्यात विग्दिसचा मला फोन आला.

"पालकांच्या बैठकीला मी येतेय," ती म्हणाली. आवाजात लपवता न येणारा आनंद होता. "इतकी वर्षं ओद्वारलाच पाठवलं. तो फोनवर सांगतो काय, तर ठीक आहे. आता सहावर सहा मिळवतेय पोरगी, तर एकदा माझ्या कानांनी ऐकू दे."

"कशात?" मी विचारलं.

"कशात म्हणजे? भाषेत. तुम्ही लोक आपसात बोलत नाही का?"

"ये, ये," मी म्हणालो आणि फोन ठेवला. 

रागनाला सांगायला मी तिच्या वर्गाकडे गेलो, तर तिरिल आधीच तिथं होती. बाहेरचा कोट तसाच अंगात, टोपी हातात पिळलेली. मला बघूनही ती थांबली नाही.

"फक्त त्या दिवसापुरता," ती रागनाला सांगत होती. "एक कागद. त्यावर सहा. आई गेली की फाडून टाक."

"नाही."

"तुझं काय जातं त्यात?"

"माझं काही जात नाही. पण तुझ्या निबंधात अजून जे यायचंय ते मग मी तुला कुठल्या तोंडानं सांगू? सहा दिल्यावर सांगायला काही उरत नाही."

"मला नकोच आहे सांगायला," तिरिल म्हणाली. "मला आकडा हवाय. तो तू बंद केलास. आई रविवारी विचारते काय मिळालं, तर मी काय सांगू? 'दुसऱ्या परिच्छेदात थंडी नेमकी कुठं जाणवली ते लिही', हे मिळालं म्हणून सांगू?"

रागनाचा चेहरा उतरला. "सांगून बघितलंस?"

"एकदा बघितलं. ती म्हणाली, बरं, म्हणजे किती?"

 तिरिलनं टोपी घातली आणि माझ्या बाजूनं निघून गेली.

रागना खिडकीशी उभी राहिली. बाहेर दुपारच होती, पण दिवे लागलेले होते. "मी पोरांच्या कागदाचा विचार केला," ती म्हणाली. "तो कागद घेऊन पोरगं घरी कुणाच्या वाटेकडं डोळे लावून बसलंय, त्याचा केला नाही."

"मग देऊन टाक ना एखादा पाच तरी," मी म्हणालो. "चार आणि पाचात असं किती अंतर आहे? पोरीचा जीव थाऱ्यावर येईल."

"आणि इसाकला काय सांगू? त्याचं लिखाण तिच्याच तोडीचं आहे. तुझी आई घरातच असते, म्हणून तुला चार?"



दुसऱ्या दिवशी तिनं तिरिलला एवढंच सांगितलं, की बैठकीत बोलायचं ते तूच बोलायचं, मी मध्ये पडणार नाही, आणि येताना तुझ्या निबंधाचे तिन्ही खर्डे घेऊन ये, पहिल्यापासूनचे. तिरिलनं होकाराची मान हलवली नाही की नकारही दिला नाही. त्यानंतर बैठकीपर्यंत ती रागनाशी एक अक्षर बोलली नाही. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायची.

बैठकीचा दिवस आला तेव्हा सूर्य परत आलेला होता, दुपारी थोडा वेळ डोंगराच्या खांद्यावर बसून जायचा. कॉड माशांचा हंगाम लागला होता. धक्क्यावर बोटींची दाटी, वर सीगल पक्ष्यांचा गोंधळ. विग्दिस बोटीनं आली. गडद हिरवा लांब कोट, केस झकास कापलेले, हातात मिठाईच्या दुकानातलं खोकं. वर्गात शिरल्या शिरल्या ती थबकली.

"तोच वास," ती म्हणाली. "ओली लोकर आणि खडू. या खोलीत मी कधी आपल्या मर्जीनं पाऊल टाकलं नाही."

ओद्वार आधीच येऊन खिडकीजवळच्या बाकावर बसला होता. दोघांनी एकमेकांना मान लवून नमस्कार केला, गावात लांबचे शेजारी करतात तसा. मी कॉफी ओतली. रागना कोपऱ्यात बसली. तिरिल आईच्या समोर बसली, कागदांची चळत मांडीवर उलटी धरून.

"हं," विग्दिस म्हणाली. "सांगा आता. मी तयार आहे."

तिरिलनं रागनाकडं पाहिलं.  पोरगी खाली बघूनच बोलली.

"सहा खोटे होते, आई. एकही मिळाला नाही. चार आहे."

 विग्दिसचा चेहरा आधी हसरा होता तसाच राहिला, फक्त त्यातून हसू निघून गेलं.

"सगळे खोटे?"

"सगळे."

"मी दुकानात सगळ्यांना सांगितलं," विग्दिस म्हणाली. "येणाऱ्या प्रत्येक बाईला. केस कापता कापता. माझी मुलगी असं लिहिते, माझी मुलगी तसं लिहिते." तिनं खोकं बाकावर ठेवलं. "कशाला खोटं बोललीस? मी कधी चारबद्दल ओरडले होते का?"

 ओद्वार खिडकीबाहेर बघत होता. बाहेर बघतच तो म्हणाला, "आकडा मोठा असला की फोन लांबतो, विग्दिस. एवढंच आहे ते."

इतकं लांब वाक्य तो बैठकीत कधी बोलला नव्हता. विग्दिस एकदम लाल झाली.

"मग मी काय विचारायचं होतं?" ती म्हणाली. ती त्याला विचारत होती की आम्हाला, कळलं नाही. "दिवसभर ती काय करते, कुणाबरोबर असते, मला काय ठाऊक? शाळेचं तेवढं विचारता येतं. लहानपणी मलाही घरी नेहमी तेच विचारायचे. काय मिळालं. मला दोनच मिळायचे, म्हणून मी आपली घरी यायला उशीर करायचे. मला वाटलं, हिला चांगले मिळतायत तर विचारलेलं आवडत असेल."

तेव्हा तिरिलनं मांडीवरची चळत उलटली आणि सगळ्यात वरचा कागद आईपुढं सरकवला. "हे आहे ते," ती म्हणाली. "चार कशाला मिळाला ते. पहिला वाईट आहे, तो वाचू नकोस. हा तिसरा."

विग्दिसनं पर्समधून चष्मा काढला. तिला चष्मा लागल्याचं तिरिलला माहीत नसावं, कारण पोरगी तिच्याकडं बघतच राहिली.

निबंध कॉडच्या जिभा कापण्याबद्दल होता. आमच्याकडे हंगामात हे काम पोरांचंच असतं. मासे साफ झाले की मुंडकी पिंपांत येतात, एकेक मुंडकं लोखंडी खिळ्यावर दाबून बसवायचं आणि सुरीनं जीभ सोडवायची. पहिल्या खर्ड्यात तिरिलनं लिहिलं होतं, थंडी होती, मजा आली. तिसऱ्यात थंडी आधी करंगळीत शिरत होती आणि मग करंगळी आपली नाहीशीच होत होती. तिसऱ्यात एका छोट्या मुलीच्या मागं तिची आई उभी होती, आईनं दोन्ही हातांनी मुलीचे हात धरले होते, आणि सुरी नक्की कोण चालवतंय ते मुलीला कळत नव्हतं.

विग्दिसनं सगळं वाचलं. सावकाश, ओठ हलवत. मग पुन्हा मधूनच एका ठिकाणी मागं गेली.

"हे चुकीचं आहे," ती म्हणाली.

रागना खुर्चीत जरा पुढं आली. तिरिलनं ओठ घट्ट मिटले.

"इथं तू लिहिलंयस, आईनं तिचा अंगठा पात्याच्या पाठीवर ठेवला. मी तसं कधीच शिकवलं नाही. पाठीवर ठेवला तर ओल्या हातानं घसरतो, बोट तुटतं. अंगठा मुठीत."

"तू पाठीवरच ठेवला होतास."

"वेडी आहेस का? माझ्या बापानं मला त्यासाठी फटके दिले असते. मुठीत. हे बघ." तिनं रागनाच्या टेबलावरची पट्टी उचलली आणि सुरीसारखी धरली. "असा."

"मला आठवतंय ना. पाठीवर. माझा अंगठा दुखला होता."

"दुखला तो खिळ्यामुळं. तू खिळ्यावर हात आपटून घेतलास आणि दुपारभर रडलीस. मी तुला जाकिटात घेऊन बसले होते पिंपावर. ते का नाही लिहिलंस?"

"ते मला आठवत नाही," तिरिल म्हणाली. आवाज बदलला होता. "जाकिटात?"

"माझ्या जाकिटात. गुंड्या लावून. तुझं नुसतं डोकं बाहेर होतं. लोक हसत होते. विचार तुझ्या बापाला."

"खरं आहे," ओद्वार म्हणाला.

मग त्या दोघी अंगठ्यावरून आणि खिळ्यावरून आणि त्या दिवशी वारा कुठून होता त्यावरून अशा वाद घालायला लागल्या, की आम्ही तिघं तिथं असून नसल्यासारखे. बाहेरच्या बाकावर इसाकचे आईबाप आपल्या वेळेची वाट बघत होते. मी दारातून डोकावून त्यांची माफी मागितली. परत आलो तर पट्टी तिरिलच्या हातात होती आणि विग्दिस तिच्या मागं उभी राहून तिची मूठ नीट करत होती. रागनानं माझ्याकडं बघितलं आणि लगेच दुसरीकडं तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीनं विग्दिस परत गेली. धक्क्यावर काय झालं ते मला ओद्वारनं पुढं कधीतरी जाळी दुरुस्त करताना सांगितलं. तिरिलनं आईला विचारलं होतं, पुढच्या वर्षी मी ट्रोनहाइमच्या शाळेत अर्ज करू का, तुझ्याकडं राहीन. विग्दिस बोटीकडं वळली. मग म्हणाली, घर फार लहान आहे गं. छोटा आमच्याच खोलीत झोपतो. तिरिल म्हणाली, हो, मी आपलं विचारलं.

"रडली का?" मी ओद्वारला विचारलं.

"नाही. घरी येऊन चौथ्यांदा लिहायला बसली."

फोन येत राहिले. काही रविवारी विग्दिस सवयीनं विचारायचीच, काय मिळालं. कधी तिला घाई असायची, मागं पोरगं रडत असायचं. पण कधी तिरिल तिला नवा परिच्छेद वाचून दाखवायची आणि विग्दिस मध्येच थांबवून म्हणायची, थांब, ते घर पिवळं नव्हतं. अशा वेळी, ओद्वार सांगायचा, कालवण गार होऊन जायचं आणि तो एकटाच जेवून घ्यायचा.

जूनमध्ये शेवटचे आकडे द्यायच्या आधी रागनानं प्रत्येक पोराला समोर बसवून विचारलं, तू स्वतःला काय दिलं असतंस आणि का. तिरिल म्हणाली, "पाच. सहा नाही. शेवट जवळ आला की मी घाई करते. मला ते संपवून टाकायचं असतं."

रागनानं पाचच दिला. मी गणिताचा माणूस, मी म्हणालो, "जानेवारीत चार होता. सरासरी काढलीस तर साडेचार येतात, पाच नव्हे."

"वादळात बोट कुठं कुठं भरकटली त्याची सरासरी काढून तू ती कुठल्या बंदरात आहे ते सांगतोस का?" रागना म्हणाली. "आज ती पाचचं लिहिते. मी आजचं विचारते आहे." इसाकला चार मिळाला. तो रागनाकडं भांडायला गेला आणि तिनं त्याला त्याचेच निबंध एकापुढं एक मांडून दाखवले. अर्ध्या तासानं बाहेर आला तो कुरकुरतच, पण समासातलं काहीतरी वाचत वाचत.

ऑगस्टात तिरिल बोडोला गेली. एका विधवा बाईच्या घरी वरच्या मजल्यावर खोली मिळाली होती. शरदातल्या सुट्टीत पोरं बेटावर घरी येतात. तिरिल आधी आगगाडीनं ट्रोनहाइमला आईकडं गेली आणि सुट्टी संपता संपता दोनच दिवस इकडं आली. ओद्वारनं तिच्यासाठी कॉड शिजवून ठेवला होता, कलेजीसकट, तिला आवडतो तसा. ती परत निघाली त्या सकाळी मीही धक्क्यावर होतो. मला बोडोला दाताच्या डॉक्टरकडं जायचं होतं.

बोट सुटली. ओद्वार तिथंच उभा होता, हात खिशात. हात हलवून निरोप द्यायची त्याला सवय नाही. तिरिल काचेपाशी उभी राहून तो ठिपक्याएवढा होईपर्यंत बघत राहिली आणि मग माझ्यासमोर येऊन बसली.

"कसं काय होतं आईकडं?" मी विचारलं.

"पहिल्या दिवशी आम्ही खूप बोललो," ती म्हणाली. "मग तिला कामावर जायचं होतं. छोट्यालाही पाळणाघरात सोडायचं होतं. मी कोचावर झोपायचे. संध्याकाळी ती दमून यायची." तिनं डबा उघडला, ब्रेडचा तुकडा मोडला. वर तपकिरी चीज होतं, बापानं जाड जाड कापलेलं. "जास्त करून मी तिची वाट बघत बसले होते."

"मग इकडंच आली असतीस लवकर. बापाला बरं वाटलं असतं."

"माहीत आहे," ती म्हणाली. खिडकीबाहेर राखाडी पाणी मागं पळत होतं. "पण वाट बघायला तिथं बरं वाटतं, एइलिफ. संध्याकाळी जिन्यावर पाय वाजले की तीच असते."

तिनं उरलेला ब्रेड कागदात गुंडाळून ठेवला आणि डोळे मिटून घेतले.